हे पुस्तक मी स्वतः वाचलं आहे

बाबूजींनी बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केला. सात चिठ्ठ्या पडल्या. त्यांनी त्या एकीखाली एक मांडल्या आणि चष्मा वर करून सह्या पाहिल्या. सहा माझ्या. एक सुजाताची.

"वसंता, हे काय होऊन राह्यलं बापा?" बाबूजी म्हणाले.

"सीझनच खराब आहे, बाबूजी."

"सीझन तिच्यासाठी बी तोच हाय ना?"

मी मान वळवली. सुजाता समोरच्या काउंटरवर एका आजीला काहीतरी दाखवत होती. आमच्याकडे तिचं लक्ष नव्हतं, म्हणजे निदान तसं तिनं दाखवलं. मला तिचा तोही शहाणपणा आवडला नाही.

आता चिठ्ठ्यांचं सांगतो. यवतमाळच्या त्या दुकानात मी एकोणीस वर्षं काम करत होतो. बाबूजी मालक. पुढच्या भागात शाळेची पुस्तकं, गाईड आणि वह्या, तर मागे वाचनाच्या पुस्तकांचे दोन काउंटर. त्यातला एक माझा. दुसऱ्यावरचा सेल्समन नोकरी सोडून गेला, तेव्हा त्या जागी सुजाता मेश्राम आली. वय सव्वीस, अंगानं किरकोळ, खांद्याला कायम एक कापडी पिशवी.

कापसाचा भाव पडला की आमच्या भागात पहिली कात्री वाचनाच्या पुस्तकाला लागते. गाईड घ्यावंच लागतं, वह्या घ्याव्याच लागतात. कादंबरी घेतली नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. त्या काळात तर लागोपाठ तीन हंगाम असेच गेले होते. गिऱ्हाईक यायचं, पुस्तक हातात घ्यायचं, उलटसुलट करायचं आणि फळीवर ठेवून द्यायचं. "आवडलं नाई त?" हा एकच प्रश्न. म्हणून बाबूजींनी एक शक्कल काढली. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. त्यावर मजकूर असा: 'हे पुस्तक मी स्वतः वाचलं आहे. आवडलं नाही तर आठ दिवसांत आणून द्या, दुसरं घेऊन जा.' खाली सहीची रेघ. आम्ही पुस्तक सुचवलं की सही करून चिठ्ठी आत ठेवायची. पुस्तक परत आलं की चिठ्ठी डब्यात टाकायची. शनिवारी दुपारी बाबूजी डबा उघडायचे.

योजना चांगली होती. तिच्यात एकच भानगड होती. चिठ्ठीवर 'मी स्वतः वाचलं आहे' असं छापलं होतं आणि मी वाचत नव्हतो.

म्हणजे अगदीच वाचत नव्हतो असं नाही. नोकरी लागली तेव्हा चारदोन वर्षं वाचलं. मग आमच्या धंद्यातली युक्ती कळली. पुस्तकाचं मागचं कव्हर वाचायचं. तिथे प्रकाशकानं दहा ओळींत सगळं सांगितलेलं असतं. मधलं एखादं पान उघडून माणसांची दोन नावं लक्षात ठेवायची. एवढ्या भांडवलावर मी कुठल्याही पुस्तकावर पाच मिनिटं बोलायचो. शिवाय माझी एक पद्धत होती. गिऱ्हाईक दारात दिसलं की वय ओळखायचं. लहान मुलांना प्राण्यांच्या गोष्टी, शाळकरी पोरांना भुतं आणि शोध, कॉलेजला प्रेम, नवीन लग्न झालेल्यांना पाकक्रिया, पन्नाशीनंतर आरोग्य, साठीनंतर अध्यात्म. माझ्या फळ्यादेखील तशाच लावलेल्या होत्या. लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, वसंतरावांना न सांगता कळतं. मला ते खरं वाटायचं. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या. वाचन आपल्याकडे आपसूक येतं, शिकावं लागत नाही, असा माझा समज होता.

सुजाताचं सगळं उलट. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जाऊन ते पिशवीभर पुस्तकं आणायचे आणि ती घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं वाचायची, असं तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी विचारलं नव्हतं. ती गिऱ्हाइकाचं वय बघायचीच नाही. विचारायची, "याच्याआधी कोणतं वाचलं? ते कुठं सोडलं?" कुठं सोडलं, हे काय विचारणं झालं? पण लोक सांगायचे. उभ्या उभ्या सांगायचे. मग ती फळीवरून भलतंच काहीतरी काढायची. डोळ्यांनी अधू झालेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिनं मोठ्या टायपातलं मुलांचं पुस्तक दिलं. मी मनात म्हटलं, आता हे रागावतात. ते आठ दिवसांनी आले ते त्याच्या पुढचा भाग आहे का विचारायला. कळंबच्या एका सहावीतल्या मुलीला तिनं समुद्रप्रवासाचं साडेतीनशे पानांचं पुस्तक दिलं. तेही परत आलं नाही.

त्या शनिवारी ती ज्या आजीशी बोलत होती, ती सांगत होती, "मले वाचता येत नाई बाई. नातीसाठी पाह्यजे."

"नातीले मोठ्यानं वाचता येते का?"

"येते त."

"मंग तुमाले आवडन असं देते. ते तिनं तुमाले वाचून दाखवायचं. तिले बी आवडन."

आजी खुश होऊन गेली. माझ्याकडे आली असती तर मी प्राण्यांच्या गोष्टी दिल्या असत्या. आणि त्या परतही आल्या नसत्या, कारण प्राण्यांच्या गोष्टी कोणी परत करत नाही. पण ती आजी माझ्या काउंटरसमोरून जाताना हसली नसती. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच राग येत होता.

खरा घाव घातला निमकरबाईंनी. या निवृत्त मुख्याध्यापिका. अकरा वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्याकडे यायच्या. मी त्यांच्यासाठी दोन पुस्तकं बाजूला काढून ठेवायचो. त्या रविवारी त्या आल्या, माझ्या दोन पुस्तकांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वसंतराव, ती मुलगी जेवायला गेली आहे का? थांबते मी."

त्या वीस मिनिटं थांबल्या. माझ्याच स्टुलावर बसून.

बायको म्हणाली, "एवढं काय लावून घेता? गिऱ्हाईक ते." तिला कसं सांगणार? अकरा वर्षं एखाद्याच्या टेबलावर आपण दिलेलं पुस्तक असतं. आता तिथे दुसरीनं दिलेलं असणार होतं. माझा जळफळाट झाला. याला दुसरा शब्द नाही.

तर तो सात चिठ्ठ्यांचा शनिवार. बाबूजींनी आम्हा दोघांनाही आत बोलावलं आणि सरळ सांगितलं. मागचे दोन काउंटर आता चालवता येत नाहीत, एकच ठेवायचा. लोहाऱ्याला वह्यांचं गोडाऊन आहे, तिथे एक माणूस हवा आहे. पगार तोच.

"कोणाले धाडू?" बाबूजी म्हणाले. "मी माह्या मनानं ठरवलं त म्हणसान बाबूजीनं भेदभाव केला. आजपासून संक्रांतीच्या आधीच्या शनिवारपर्यंत चिठ्ठ्या मोजतो. मांगच्या माफ. ज्याच्या जास्त परत येतीन, थो लोहाऱ्याले."

लोहारा म्हणजे काही काळं पाणी नाही. आमच्या घरापासून सायकलनं अर्धा तास. पण तिथे पत्र्याची शेड, शंभर पानी, दोनशे पानी, एकरेघी, चाररेघी वह्यांचे गठ्ठे, आणि दिवसभरात टेम्पोवाल्याशिवाय माणूस नाही. कोरी पानं सांभाळायची. एकोणीस वर्षं गावात मला लोक 'पुस्तकवाले वसंतराव' म्हणत होते. तिथे मला कोण काय विचारणार होतं?

दोन आठवडे मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. रोज एक पुस्तक घरी नेलं. सवय मोडलेली. दहाव्या पानावर डोळा लागायचा. तिसऱ्या आठवड्यात मी दुसरा मार्ग धरला.

सुजाताला एक सवय होती. दुपारी गर्दी नसली की ती चिठ्ठ्यांच्या एका पॅडवर सह्या करून ठेवायची, म्हणजे गिऱ्हाईक समोर असताना घाई होत नाही. ते पॅड तिच्या ड्रॉवरमध्ये असायचं. ड्रॉवरला कुलूप नव्हतं. ती डबा खायला गेली असताना मी सहा चिठ्ठ्या फाडल्या आणि खिशात घातल्या. हात थरथरले वगैरे काही नाही. उलट बरं वाटलं.

पुढचं सोपं होतं. जे गिऱ्हाईक पुस्तक परत आणणार असं मला दिसायचं, त्याला मी नको ते पुस्तक द्यायचो आणि आत तिची चिठ्ठी सरकवायचो. परत द्यायला माणूस माझ्याकडेच यायचा, कारण पुस्तक मी दिलेलं. मी हसून बदलून द्यायचो आणि चिठ्ठी डब्यात टाकायचो. चार वेळा केलं. चारही परत आली. नावडणारं पुस्तक ओळखण्यात माझा हात कोणी धरला नसता.

पहिल्यांदा एका शनिवारी तिच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा ती म्हणाली, "माह्या? दोन?" बाबूजींनी सही दाखवली. सही तिचीच होती.  सोमवारपासून तिनं एक वही केली आणि दिलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव त्यात लिहायला लागली. दुपारी डबा खाता खाता ती जुनी पुस्तकं परत वाचायची. भाजीचा हात लागू नये म्हणून डाव्या हातानं पान उलटायची. गिऱ्हाइकाला पुस्तक देताना आधी ती पटकन द्यायची. आता फळीसमोर उभी राहून विचार करायची, काढलेलं परत ठेवायची. एकदा मला म्हणाली, "वसंतभाऊ, तुमाले काय वाटते? माह्यं काही चुकून राह्यलं का?"

मी म्हणालो, "होतं असं नवीन असताना."

हे वाक्य मला अजून आठवतं. वर मी तिला माझ्या डब्यातली चटणीही दिली.

जानेवारीच्या सुरुवातीला गुल्हाने आले. कळंबचे राहणारे, सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. ग्रेडर म्हणजे शेतकऱ्याची गाडी आली की ढिगातून मूठभर कापूस काढायचा, दोन बोटांत धरून धागा ओढून पाहायचा आणि प्रत सांगायची. एक नंबर की दोन नंबर. त्या एका शब्दावर समोरच्या माणसाचं वर्ष ठरतं. पूर्वी हंगामात या माणसाला जेवायला फुरसत नसे. आता लोक कापूस परभारे व्यापाऱ्याला देत होते.

"दिवसभर खुर्चीवर बसून राह्यतो जी," गुल्हाने म्हणाले. "गाड्याच येत नाईत. जाड असं एखांदं द्या. वेळ गेला पाह्यजे."

जाड म्हटल्यावर मला उशी आठवली.

उशी हे त्या पुस्तकाचं नाव नव्हे. ते एका मोजणीदाराचं आत्मचरित्र होतं. मोजणीदार म्हणजे साखळी टाकून जमिनी मोजणारा सरकारी माणूस. सहाशे बारा पानं, मळकट तपकिरी कव्हर. नऊ वर्षांपूर्वी चार प्रती आल्या होत्या, त्या चारही तशाच पडून होत्या. आमच्या धंद्यात याला डेड स्टॉक म्हणतात. त्यातल्या एका प्रतीवर डोकं ठेवून मी दुपारी पाच मिनिटं पडायचो, म्हणून उशी. मागच्या कव्हरवरच्या दहा ओळीसुद्धा मी पुऱ्या वाचल्या नव्हत्या.

"हे घ्या," मी म्हणालो. "मी स्वतः वाचलंय. सोडवत नाही हातातून."

पाचवी चिठ्ठी आत ठेवली. हे पुस्तक तीन दिवसांत परत येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

ते आलं नाही. चार दिवस, सहा दिवस, आठ दिवस. मग संक्रांतीच्या आधीचा शनिवार उजाडला.

दुपारी बाबूजींनी डबा उघडला. त्या सगळ्या आठवड्यांच्या चिठ्ठ्या त्यांनी रबर लावून ठेवल्या होत्या, त्यात या मिळवल्या. माझ्या सहा. सुजाताच्या सहा.

"घ्या," बाबूजी म्हणाले, "आता काय नाणं उडवू?"

तेवढ्यात गुल्हाने दारातून आत आले. हातात पिशवी आणि पिशवीत ते तपकिरी पुस्तक. चिठ्ठीचं टोक पानांतून बाहेर डोकावत होतं.  आठ दिवसांची मुदत दोन दिवसांनी टळली होती, पण बाबूजी अशा बाबतीत कधी अडून बसत नसत. म्हणजे सुजाताच्या सात. सुजाता लोहाऱ्याला. निमकरबाई परत माझ्या स्टुलावर. हे सगळं मी एका क्षणात पाहून घेतलं.

गुल्हान्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"आणा, बदलून देतो," बाबूजी म्हणाले.

"बदलाले नाई आलो जी. अजून एक हाय का? आमच्या केंद्रावरच्या काटेवाल्याले पाह्यजे. माह्यं मी कोणाले देत नाई." त्यांनी चिठ्ठी काढून नीट पाहिली. "आन् या सुजाता मेश्राम मॅडम कोण हायेत? त्याईले भेटाचं होतं."

सुजाता उठून पुढे आली. तिनं पुस्तकाकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे.

गुल्हाने बोलायला लागले. उभ्यानंच. "मॅडम, त्या मोजणीवाल्यानं आपली चूक लिहून ठेवली हाय पाहा. साखळीची एक कडी तुटेल होती, थे त्याच्या ध्यानात नाई आलं. एका बाईचं वावर कमी भरलं. त्याले मांगून समजलं. बारा वर्सं तोंड उघडलं नाई. मंग एक दिवस गेला आन् तिले सांगून आला. बाई म्हणे, आता वावराच्या धुऱ्यावर चिंच वाढली, राहू द्या." त्यांनी चिठ्ठी परत पुस्तकात ठेवली. "मी बी एक डाव असं केलतं. घाई होती, मांग गाड्याईची रांग. एक नंबरच्या कापसाले दोन नंबर बोललो. त्या माणसाचं तोंड मले अजून दिसते. हे वाचलं आन् चैन पडंना. परवा गेलतो फुलसावंगीले. घर विचारत विचारत गेलो. सांगून आलो."

"मंग? काय म्हणाले ते?" सुजातानं विचारलं.

"म्हणे, मले तवाच समजलं होतं. च्या पिऊन जा."

 बाबूजींनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला.

"तुमचे आभार मानाले आलो मॅडम," गुल्हाने म्हणाले.

सुजाता म्हणाली, "मी हे पुस्तक वाचलं नाई."

"आँ?"

"चिठ्ठी माही हाय. पण मी न वाचलेल्यात चिठ्ठी टाकत नाई. माह्या वहीत बी हे नाव नाई. तुमाले हे कोणी दिलं?"

गुल्हान्यांनी माझ्याकडे बोट केलं. "दिलं त या साहेबांनीच."

आता खरं सांगतो. त्या क्षणी मला पकडलं गेल्याची भीती वाटायला हवी होती. मला वाटला हेवा. एकोणीस वर्षांत माझ्या हातून गेलेलं एकच पुस्तक असं निघालं, की माणूस त्यापायी कळंबहून फुलसावंगीला गेला. आणि त्यावर नाव तिचं. मी दिलं होतं ते! मीच फळीवरून काढलं होतं, मीच त्याच्या हातात ठेवलं होतं. मला ते परत हवं होतं.

मी म्हणालो, "हो, माझंच आहे ते. मीच सुचवलं. चुकून हिची चिठ्ठी गेली असेल."

"असं का!" गुल्हाने माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला. "मंग सांगा ना जी, तुमाले कोणता भाग पटला?"

सहाशे बारा पानं. मी त्यावर झोपलो होतो.

"शेवटचा," मी म्हणालो. शेवट सगळ्यांचा चांगला असतो, असा माझा हिशेब.

गुल्हान्यांनी पुस्तक उघडलं, मागची पानं चाळली, परत माझ्याकडे पाहिलं. त्यांना मला पाडायचं नव्हतं, ते खरंच बुचकळ्यात पडले होते. "शेवटी त नुसती गावाईची यादी हाय. कुठं कुठं मोजणी केली त्याची."

बाबूजींनी आवाज चढवला नाही. "वसंता, वाचलं का तू हे?"

"नाही."

"आन् चिठ्ठ्या?"

मी शर्टाच्या खिशातून सहावी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. चार घड्या घातलेली. खाली तिची सही.

मला वाटलं, सुजाता ओरडेल. किंवा वाटलं, मोठ्या मनानं म्हणेल, जाऊ द्या बाबूजी. तसं म्हणाली असती तर मी तिला जन्मात माफ केलं नसतं. तिनं दोन्ही केलं नाही. ती म्हणाली, "मी तीन पुस्तकं दोन दोन डाव वाचली, वसंतभाऊ. लोकाईले काहून आवडली नसतीन म्हणून." एवढं बोलून ती काटेवाल्यासाठी दुसरी प्रत काढायला माझ्या काउंटरवर गेली. तिसरी प्रत तिनं स्वतःच्या पिशवीत टाकली.

सोमवारी मी लोहाऱ्याला रुजू झालो.

जाताना चौथी प्रत मागून घेतली. बाबूजी म्हणाले, "कायले? झोपाले?" मी ती पिशवीत घातली. शेडमध्ये वह्यांच्या गठ्ठ्यांवर बसून मी उशी वाचायला घेतली. पहिले आठ दिवस नुसती चीड. प्रत्येक पानावर वाटायचं, सुजातानं हे पान वाचलं असेल, आणि माझ्यापेक्षा बरं वाचलं असेल. नंतर कधीतरी ती डोक्यातून गेली आणि मोजणीदार तेवढा उरला. तुटलेल्या कडीचं प्रकरण आलं तेव्हा मी पुस्तक मिटलं, शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो, परत येऊन पुढे वाचलं. एकोणीस दिवस लागले. गावांची यादीसुद्धा सोडली नाही.

मग वह्यांच्या खोक्यात चिठ्ठ्यांचं एक जुनं पॅड सापडलं. एक फाडली. सही केली. आत ठेवली आणि पुस्तक टेम्पोवाल्याबरोबर दुकानात पाठवलं. सोबत निरोप दिला, सुजाताला म्हणावं योग्य वाटलं तर फळीवर ठेव. आणखी दोन शब्द सांगायचे होते, ते सांगता आले नाहीत. ते मी पुढच्या महिन्यात पगाराला गेलो तेव्हा तिच्यासमोर उभं राहून सांगितले. ती म्हणाली, "ठीक हाय." मला वाटतं ते ठीक नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

पुस्तकाचं काय झालं ते राहिलं. नवव्या दिवशी टेम्पोवाल्यानं ते मला परत आणून दिलं. चिठ्ठी आतच होती. मागच्या बाजूला सुजाताच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'निमकरबाईंनी परत केलं. म्हणाल्या, फार लांबण लावली आहे. मला मात्र आवडलं. चार दिवसांत संपलं.'

चार दिवसांत. मला एकोणीस लागले होते. परत तिथेच दुखलं.

मी पुढे दीड वर्षानं दुकानात परत गेलो, गाईडच्या काउंटरवर. मागचा काउंटर सुजाताचाच राहिला. तिच्यावर जळणं पूर्ण थांबलं असं खोटं सांगत नाही, पण ड्रॉवर कधी उघडला नाही. आता निवृत्त आहे. धंद्यात नव्यानं येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो, की एखाद्याचं वाईट करायला जे पुस्तक निवडाल, ते निदान आधी वाचून घ्या.

माझ्या नावावर आजवर किती चिठ्ठ्या परत आल्या ते बाबूजींनाच ठाऊक. त्यातली निमकरबाईंची तेवढी मी जपून ठेवली आहे. तिच्यावर छापलेलं खरं होतं.